नाल्याकाठची नोंदवही



या व्याख्यानाची निमंत्रणपत्रिका छापताना संयोजकांची काय पंचाईत झाली असेल याची मला कल्पना आहे. विषयाचा पहिला भाग 'सांडपाणी'. तो वाचून माणूस नाक मुरडतो. दुसरा भाग 'माहितीची खुली मानकं'. तो वाचून जांभई देतो. मी आज दोन्हींबद्दल बोलणार आहे, पण जास्त वेळ जांभईच्या भागाला देणार आहे. कारण गटारात डोकावलं तर शहराची तब्येत कळते, हे आता जगाला पटलेलं आहे. अडलंय ते पुढे. डोकावून जे दिसलं ते कुठे लिहायचं, कसं लिहायचं आणि कुणाला वाचू द्यायचं, इथे.

सुरुवात मुंबईपासून करतो. या विषयात मुंबईचं नाव जगात आदरानं घेतलं जातं आणि आपल्याकडे ते फारसं कुणाला माहीत नाही.

पोलिओचा विषाणू मोठा लबाड. साधारण दोनशे जणांना संसर्ग झाला तर त्यातल्या एखाद्याचाच हात किंवा पाय लुळा पडतो. बाकीच्यांना फार तर थोडा ताप येतो, बहुतेकांना तोही नाही. पण विषाणू त्यांच्या आतड्यात वाढतो आणि शौचावाटे बाहेर पडत राहतो. आता सांगा, ज्या वस्तीत एकही मूल लुळं पडलेलं नाही, तिथे पोलिओ नाही असं छातीठोकपणे म्हणता येईल का? दवाखान्यांच्या रजिस्टरवर विसंबलं तर म्हणता येईल. नाल्याला विचारलं तर तो वेगळं सांगेल.

परळला हाफकिनच्या आवारात एंटेरोव्हायरस रिसर्च सेंटर होतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी २००१ पासून मुंबईच्या सांडपाण्याचे नमुने नियमित तपासायला घेतले. त्यात सापडणाऱ्या विषाणूच्या जनुकांची अक्षरं वाचली की तो कुठून आला तेही कळायचं. आणि तो पुष्कळदा उत्तर प्रदेश-बिहारमधल्या विषाणूंचा भाऊबंद निघायचा. पोटासाठी माणसं मुंबईत येतात, त्यांच्यासोबत विषाणूही येतो. त्यात त्या माणसांचा काय दोष? लस त्यांच्या गावापर्यंत नीट पोहोचली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. देशात सांडपाण्यातून मिळालेला शेवटचा रानटी पोलिओ विषाणू मुंबईचाच, नोव्हेंबर २०१० मधला. शेवटची रुग्ण पश्चिम बंगालमधल्या हावड्याची मुलगी, १३ जानेवारी २०११ ची. त्यानंतर तीन वर्षं वाट पाहून, २७ मार्च २०१४ ला भारताला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. ते देताना 'रुग्ण नाहीत' एवढ्यावर कुणी समाधान मानलं नाही. गटारं काय म्हणतात, तेही पाहिलं गेलं.

पण परळच्या प्रयोगशाळेनं 'सापडला' म्हटल्यावर ते जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेकडून का मानलं गेलं? कारण परळची, अटलांटाची आणि हेलसिंकीची प्रयोगशाळा एकाच जाळ्यातल्या. पेशी ठरलेल्या, चाचणी ठरलेली, विषाणूचं कोणतं जनुक वाचायचं ते ठरलेलं, नाव कसं द्यायचं ते ठरलेलं. लसीतला दुबळा विषाणू माणसामाणसांतून फिरत राहिला तर बदलत जातो आणि कधीकधी पुन्हा घातक होतो. तो किती बदलला की धोक्याची घंटा वाजवायची, हेसुद्धा ठरलेलं. व्हीपी१ नावाच्या जनुकात साधारण ९०० अक्षरं आहेत. पोलिओच्या दुसऱ्या प्रकारच्या (टाइप २) विषाणूत त्यातली ६ किंवा अधिक बदललेली दिसली, तर त्याचं वर्गीकरण वेगळं. ६ म्हणजे ६, मग प्रयोगशाळा कुठलीही असो.

याचं फळ २०२२ मध्ये दिसलं. लंडनच्या बेक्टन मैलाशुद्धीकरण केंद्रात फेब्रुवारीपासून असाच बदललेला विषाणू सापडत होता. जुलैत न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड कौंटीत लस न घेतलेला एक तरुण लुळा पडल्याचं जाहीर झालं. अक्षरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर लंडन, न्यूयॉर्क आणि जेरुसलेम परिसरातले विषाणू एकमेकांचे नातलग निघाले. तीन खंडांतली तीन गटारं, आणि त्यांची कुंडली काही दिवसांत जुळली! शास्त्रज्ञ हुशार होते म्हणून जुळली, हे खरंच. पण सगळ्यांनी एकाच पद्धतीनं लिहून ठेवलं होतं म्हणूनही जुळली, आणि या दुसऱ्या कारणाला कुणी हारतुरे घालत नाही.

आता कोविडकडे येतो.

२०२० च्या मार्चमध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवलं की आमर्सफोर्ट शहरात पहिला रुग्ण नोंदला जाण्याआधीच तिथल्या सांडपाण्यात नव्या कोरोनाविषाणूच्या खुणा होत्या. मे महिन्यात गांधीनगरच्या आयआयटीनं अहमदाबादच्या पिराणा केंद्रातलं पाणी तपासलं. ऑगस्टमध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेनं सांडपाण्यावरून अंदाज बांधला की शहरात सुमारे ६.६ लाख लोकांना संसर्ग झालेला असावा. पुण्यातही नमुने गोळा झाले. वर्षभरात जगभर शेकडो ठिकाणी बाटल्या भरल्या जाऊ लागल्या. फार आनंदाची गोष्ट. पण पोलिओच्या वेळी जे जाळं अनेक वर्षांत विणलं गेलं, ते इथे विणायला सवडच नव्हती. प्रत्येकानं आपापली पद्धत बसवली आणि आपापली एक्सेलची फाइल उघडली.

समजा, माझ्या हातात एक कागद आहे आणि त्यावर लिहिलंय, '५०,०००'.

पन्नास हजार काय? विषाणूच्या जनुकाच्या प्रती? बरं. पण लिटरमागे, मिलीलिटरमागे, की वाळवलेल्या गाळाच्या ग्रॅममागे? पाणी तपासलं की गाळ? गाळात हा विषाणू पाण्यापेक्षा कितीतरी अधिक दाट असतो. कोणतं जनुक शोधलं? एन१, एन२ की ई? नमुना एका वेळी बादली टाकून उचलला, की यंत्रानं २४ तास थोडं थोडं पाणी गोळा केलं? बादली टाकली असेल तर किती वाजता? सकाळी सातच्या आणि दुपारी तीनच्या पाण्यात किती फरक असतो, हे ज्यांच्या घरी एकच संडास आणि पाच माणसं आहेत त्यांना समजावून सांगायला नको. आदल्या रात्री पाऊस पडला होता का? नमुना घेतला त्या मलवाहिनीत किती लोकांचं पाणी येतं? नमुना बर्फात ठेवला की दिवसभर रिक्षात फिरला? आणि प्रयोगशाळेत पोहोचलेल्या विषाणूंपैकी किती टक्के चाचणीपर्यंत टिकतात, हे कुणी तपासून पाहिलं का?

यातल्या एका प्रश्नाचं उत्तर बदललं तरी पन्नास हजारांचा अर्थ बदलतो. उत्तरं मिळाली नाहीत, तर तो आकडा हातात धरून करायचं काय?

इथे मिरचीची गोष्ट सांगायलाच हवी. पावसानं पाणी पातळ झालं की विषाणूचा आकडा उतरतो आणि साथ ओसरली असा भास होतो. म्हणून शास्त्रज्ञ त्याच पाण्यात आणखी एक गोष्ट मोजतात, जी माणसांच्या विष्ठेत नेहमीच असते. यासाठी जगभर सर्वांत जास्त वापरला जातो तो 'पेपर माइल्ड मॉटल' नावाचा विषाणू. मिरचीच्या झाडावरचा रोग. माणसाला काही करत नाही. मिरचीतून आणि मिरचीच्या सॉसमधून पोटात जातो आणि जसाच्या तसा बाहेर येतो. तो कमी झाला तर पाणी पातळ झालं असं समजायचं आणि त्या मानानं कोरोनाचा आकडा दुरुस्त करायचा. नामी युक्ती आहे. पण उट्रेख्टचा माणूस आणि कोल्हापूरचा माणूस दिवसाकाठी सारखीच मिरची खातो का? ठेच्याच्या प्रदेशात हा आधारच वेगळ्या उंचीवर असणार. म्हणून आकडा मिरचीनं भागून दिलाय की न भागता, हे कागदावर लिहिलेलं नसेल तर दोन शहरांची तुलना करायलाच जाऊ नये.

शून्याचंही तसंच. मी आकडे सांभाळणारा माणूस. माझ्याकडे एका प्रयोगशाळेचा तक्ता आला होता. नाव सांगत नाही. एकाच रकान्यात कुठे ०, कुठे आडवी रेघ, कुठे 'एनडी', कुठे नुसती रिकामी चौकट. विषाणू सापडला नाही, नमुना आलाच नाही, की चाचणी फसली? 'सापडला नाही' याचा खरा अर्थ 'आमच्या चाचणीला जेवढं कमीत कमी दिसतं त्याहून कमी आहे', असा असतो. ते शून्य नव्हे. पण संगणकाला एवढं तारतम्य कुठलं? त्यानं सगळ्यांची सरासरी काढली आणि छान रंगीत आलेख करून दिला. तारखांचं तर विचारूच नका. ०३/०४/२०२१ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. लाट चढत असताना एक महिना इकडे की तिकडे, हा काय किरकोळ तपशील झाला?

तुम्ही म्हणाल, ही कारकुनी झाली. तर कारकुनीचा एक किस्सा ऐका. २०२० च्या सप्टेंबर अखेरीला इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ बाधितांची नोंद वेळेवर पुढे गेलीच नाही. कारण? प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या पद्धतीच्या एक्सेल फायलींत ओतली जात होती आणि त्या फायलीत ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. पुढच्या ओळी गळून गेल्या. ज्या हजारो लोकांना 'तुम्ही बाधिताच्या संपर्कात आला होता, घरी थांबा' असं कळवायचं होतं, त्यांना ते वेळेत कळलंच नाही. चाचणी चोख, डॉक्टर चोख, आणि घोटाळा फायलीत.

मग यावर उपाय काय? पुणेकरांना तो लांब शोधायला नको. शिवाजीनगरला सिमला ऑफिस चौकातून तुम्ही रोज जाता. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथे आलं म्हणून हे नाव. हवामानाच्या नोंदींचंही एके काळी असंच होतं. ज्याला जिथे वाटेल तिथे तो तापमापक टांगायचा. १८७३ मध्ये व्हिएन्नाला निरनिराळ्या देशांचे हवामानतज्ज्ञ जमले आणि सर्वांनी एकसारख्या पद्धतीनं मोजायचं, हे काम सुरू झालं. आज महाबळेश्वरचा पाऊस आणि चेरापुंजीचा पाऊस आपण एका दमात बोलतो, कारण दोन्हीकडे तो सकाळी साडेआठलाच मोजतात आणि पाऊस मोजण्याचा दिवस तिथेच संपतो. तापमापक ठरावीक उंचीवर, जाळीदार पांढऱ्या पेटीत, सावलीत. ही शिस्त आहे म्हणून पावसाचा आकडा गाव ओलांडून जाऊ शकतो. सांडपाण्याच्या आकड्याला अजून ती पेटी मिळायची आहे.

ती घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत. त्यातल्या एकाविषयी जरा सविस्तर बोलतो, कारण त्याची रीत मला आवडते. कॅनडातल्या ओटावा शहरात २०२० च्या वसंतात सांडपाणी तपासणं सुरू झालं आणि रोजचे आकडे लोकांसमोर येऊ लागले. त्याच शहरातल्या विद्यापीठातल्या आणि रुग्णालयातल्या संशोधकांनी पुढाकार घेऊन 'पब्लिक हेल्थ एन्व्हायर्न्मेंटल सर्व्हेलन्स ओपन डेटा मॉडेल' उभं केलं. नाव आगगाडीएवढं आहे, आपण नुसतं 'ओडीएम' म्हणू. हे यंत्र नाही आणि विकायचं सॉफ्टवेअरही नाही. ही नोंदवहीची आखणी आहे. जागेची माहिती एका तक्त्यात, नमुन्याची दुसऱ्यात, मोजमापांची तिसऱ्यात, पद्धतीची चौथ्यात, आणि सगळी ओळख-क्रमांकांनी एकमेकांना बांधलेली. प्रत्येक मोजमापाला ठरलेलं नाव, ठरलेलं एकक. 'सापडला नाही' कसं लिहायचं ते ठरलेलं. तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. पावसाला जागा आहे, लोकसंख्येला जागा आहे, मिरचीलाही आहे. आणि फक्त सांडपाणी नाही, हवेतले किंवा पृष्ठभागांवरचे नमुनेही त्यात बसावेत अशी आखणी.

ते 'खुलं' आहे याचा अर्थ काय? फुकट मिळतं, हा त्यातला सगळ्यात छोटा भाग. मोठा भाग असा की आखणी कशी बदलते ते कुणालाही पाहता येतं, आणि 'तुमच्या वहीत आमच्यासाठी रकाना नाही' अशी तक्रारही करता येते. मला वाटतं, आपण ही तक्रार मोठ्या आवाजात करायला हवी.

कारण ही सगळी मानकं ज्या देशांत जन्मली, तिथे घराघरातला संडास मलवाहिनीला जोडलेला, मलवाहिनी शुद्धीकरण केंद्राला जोडलेली, आणि केंद्रावर किती लोकांचं पाणी येतं ते ठाऊक. आपल्याकडे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार शहरी भारतात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं आणि त्यातलं प्रत्यक्ष शुद्ध होत होतं २०,२३६ दशलक्ष लिटर. बाकीचं ओढ्यात, नाल्यात, नदीत, शोषखड्ड्यात. म्हणजे शुद्धीकरण केंद्राच्या दारात उभं राहून बाटली भरली, तर आपल्याला मलवाहिनीला जोडलेल्या घरांची तब्येत कळते. ज्या वस्तीत साथ आधी शिरते, त्या वस्तीचं पाणी त्या दाराशी येतंच असं नाही. मग उघड्या नाल्यावर नमुना घ्यावा लागतो. त्या नाल्यात गोठ्याचं पाणी आहे, गॅरेजचं तेल आहे, जुलैत अख्खा डोंगर आहे. त्याला 'लोकसंख्या' कोणती लावायची? मैलाटँकर कुठून भरून कुठे रिकामा होतो, हे कोणत्या रकान्यात लिहायचं? ओटावाच्या माणसाला हे प्रश्न पडणार नाहीत. ते आपणच विचारायचे आहेत आणि त्यांची उत्तरंही आपणच त्या आखणीत घालायची आहेत.

इथे पुण्यात सिंहगड रस्त्याला राहणाऱ्यांना जानेवारी २०२५ आठवत असेल. नांदेड, किरकटवाडी, धायरी परिसरात गुलियन-बारे सिंड्रोम या हातपाय लुळे पाडू शकणाऱ्या आजाराचे रुग्ण एकामागून एक येत होते आणि संशयाची सुई पाण्याकडे होती. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जीवाणू सापडला. अशा वेळी विहिरीचं पाणी, टँकरचं पाणी, खासगी आरओ केंद्राचं पाणी, सांडपाणी आणि रुग्णांचे पत्ते हे सगळं एका टेबलावर यावं लागतं, आणि तेही दोन दिवसांत. अनेक खाती, अनेक प्रयोगशाळा, आणि जागेचं नाव एकीकडे 'नांदेड गाव', दुसरीकडे 'नांदेड फाटा', तिसरीकडे नुसतं 'सिंहगड रोड'. हे जुळवत बसायचं कुणी? साथीच्या ऐन धुमाळीत बसायचं?

जाता जाता एक गोष्ट, पण ती मी मुद्दाम सांगतोय. नाल्याचं पाणी कधी चढतं, पंप किती वाजता सुरू होतो, कुठल्या चेंबरमध्ये कुठल्या गल्लीचं पाणी येतं, हे नकाशात नसतं. ते ड्रेनेज विभागातल्या कामगारांच्या डोक्यात असतं. नमुना घेण्याची जागा ठरवताना त्यांना बैठकीत खुर्ची द्या. आणि बाटली भरण्यासाठी कुणीही चेंबरमध्ये उतरणार नाही, हे पद्धतीच्या रकान्यात पहिल्या ओळीत लिहा. २०१३ चा कायदा अशा जीवघेण्या कामाला मनाई करतो, तरी माणसं उतरवली जातात आणि मरतात. आपल्या विज्ञानानं त्यात भर घालू नये.

आता खुलेपणाची दुसरी बाजू. पुण्यात उभं राहून ती टाळता येणार नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग कमिटीचे सोजीर घराघरांत शिरले. चुलीपर्यंत, देवघरापर्यंत गेले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीत रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, ते तुम्हाला सांगायला नको. त्या मानानं सांडपाण्याची तपासणी फार सभ्य. ती उंबरा ओलांडत नाही, कुणाचं नाव विचारत नाही, हजारो माणसांचं एकत्र बोलणं ऐकते. पण ती 'वस्ती' ओळखते. पाणी दोन लाख लोकांचं असेल तर आकडा उघड्यावर मांडा, बिनदिक्कत. तेच एका वसतिगृहाचं, एका तुरुंगाचं, एका पन्नास घरांच्या वाडीचं असेल तर? २०२० मध्ये दारावर चिकटवलेल्या स्टिकरांनी शेजाऱ्यांचे चेहरे कसे बदलले, ते आपण पाहिलंय. म्हणून कोणता आकडा कुणाला, किती बारकाईनं दाखवायचा, हेसुद्धा मानकातच लिहिलेलं हवं. अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलं तर दोनच गोष्टी होतात. एक तर सगळं कुलपात जातं, नाहीतर सगळं व्हॉट्सॲपवर.

कुलूप लागण्याची सवय आपल्याला जास्त आहे. आकडे बाहेर गेले तर शहराची बदनामी होईल, पर्यटक घटतील, विधानसभेत प्रश्न येईल. मी या भीतीची टिंगल करत नाही. खुर्चीवर बसलेल्याला ती खरी वाटते. पण लंडननं पोलिओचा विषाणू सापडल्याचं जाहीर केलं, म्हणून लंडनला जाणं कुणी थांबवलं का? उलट तिथल्या मुलांना लगोलग जादा डोस द्यायला घेतले.

आणि समजा, सगळं जमून आलं. नमुने सुरू झाले, वही भरू लागली. तरी एक दिवस पैसे संपतात. ज्या ओंटारियो प्रांतात ओटावा आहे, त्याच प्रांतानं आपला सांडपाणी तपासणीचा उपक्रम ३१ जुलै २०२४ ला बंद केला. तिथल्या शास्त्रज्ञांनी विरोध केला, तरी केला. युरोपनं त्याच वर्षी उलटा रस्ता धरला आणि शहरी सांडपाण्याच्या नव्या निर्देशात आरोग्यासाठीच्या तपासणीची तरतूद कायद्यातच घातली. आपण यातल्या कोणत्या रस्त्यानं जाऊ, मला ठाऊक नाही. बहुधा दोन्ही रस्त्यांनी जाऊ, आलटून पालटून. निधी येईल, प्रकल्प होईल, निधी जाईल. प्रकल्प मेला तरी त्याची वही पुढच्याला वाचता यायला हवी, एवढी तजवीज मात्र आजच करता येते.

कशी? महापालिका हे काम बाहेरच्या प्रयोगशाळेला देते तेव्हा निविदा निघते. त्या निविदेत 'अहवाल सादर करावा' एवढंच असतं, आणि मग महिन्याच्या शेवटी शिक्का मारलेली पीडीएफ येते. तिच्यातून आकडा बाहेर काढायचा तर कुणीतरी बसून पुन्हा टाइप करायचा. त्याऐवजी निविदेत लिहा, की प्रत्येक नमुन्याची जागा, वेळ, पद्धत, एकक आणि चाचणीची किमान मर्यादा यांसह कच्ची माहिती खुल्या मानकाच्या तक्त्यांत द्यावी, ती महापालिकेच्या मालकीची राहील, आणि ती मिळाल्याखेरीज बिल निघणार नाही. बिलाची अट फार महत्त्वाची. ठेकेदाराला बाकी कुठलाही रकाना दिसला नाही तरी बिलाचा दिसतो.

यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. स्थायी समितीत विषय येईल तेव्हा एका सभासदानं उभं राहून उपसूचना मांडली तरी भागतं. इथे आजी-माजी नगरसेवक कुणी बसले असतील, तर प्रश्नोत्तरांत पहिला प्रश्न त्यांचा घेऊ. निविदेच्या मसुद्याची एक प्रत मी सोबत आणली आहे.